रात्री दोनच्या राउंडची साक्ष

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

पत्रलेखिका 34 वर्षांच्या आहेत, पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. मूळ गाव नगर जिल्ह्यातलं. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. आजी मिशनच्या दवाखान्यात आया होती. दोन महिन्यांपूर्वी फीमेल मेडिकल वॉर्डात एका वयस्कर हिंदू पेशंटच्या मुलीने त्यांच्या गळ्यातला क्रूस पाहिला आणि हात जोडले : "सिस्टर, तुमच्या देवाला सांगा ना आईसाठी." त्यांनी त्या पेशंट आजींचा हात हातात घेतला आणि मिनिटभर हळू आवाजात प्रार्थना केली. ते कुणीतरी पाहिलं, इनचार्ज सिस्टरपर्यंत गेलं. "असले प्रकार इथे नकोत. उद्या कुणी व्हिडिओ काढला तर मी वर काय सांगू?" अशी समज मिळाली. तिसऱ्या दिवशी आजी गेल्या.

ही हकीकत त्यांनी चर्चच्या भगिनी मंडळातल्या एका मैत्रिणीला सांगितली, तिच्याकडून ती पाळकसाहेबांच्या कानावर गेली. आता येत्या रविवारी उपासनेत साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सगळ्यांसमोर सांगायच्या वेळी, त्यांनी उभं राहून हे सांगावं असा आग्रह आहे. मंडळीने, म्हणजे त्यांच्या चर्चने, यंदा प्रत्येकाला वर्षात पाच जणांना सुवार्ता सांगण्याचं उद्दिष्ट दिलंय. भिंतीवर नावांचा तक्ता आहे आणि त्यात यांच्या नावापुढची जागा कोरी आहे. पती म्हणतात, नोकरी सांभाळ, गप्प बस. "नऊ वर्षांत वॉर्डात मी कुणालाही आपणहून येशूबद्दल सांगितलेलं नाही. जो मला माणसांसमोर नाकारील त्याला मीही पित्यासमोर नाकारीन, हे वचन मला झोपू देत नाही. मी नाकारतेय का?" हा त्यांचा प्रश्न. पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ : "नाइटला आम्ही दोघी आणि 28 पेशंट. रात्रीचे चार्ट पहाटे एकदमच भरावे लागतात, सगळेच भरतात. अशा धावपळीत कुणाला काय सांगणार?"

प्रिय भगिनी,

जय ख्रिस्त. तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर मनात लगेच तयार झालं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ती शेवटची ओळ डोळ्यांत भरली आणि उत्तर बदललं. त्या ओळीकडे मी येणारच आहे, पण आधी तुमच्या झोपेचं बघू.

ज्या वचनाने तुमची झोप उडाली आहे ते बायबलमधल्या मत्तयाच्या दहाव्या अध्यायातलं. त्या अध्यायात कोणाला काय सांगितलं जातंय, तेवढं पाहा. ज्यांना पकडून अधिकाऱ्यांपुढे आणि राजांपुढे उभं करतील, सभास्थानात फटके मारतील, त्या शिष्यांना तयार केलं जातंय. कुणीतरी तोंडावर विचारणार आहे, "तू त्याचा आहेस का?" आणि त्या प्रश्नाला "नाही" म्हणणं म्हणजे नाकारणं. पेत्राने नेमकं तेच केलं. महायाजकाच्या वाड्यात शेकोटीजवळ त्याला तीनदा विचारलं आणि तीनदा तो नाही म्हणाला. तुम्हाला तुमच्या वॉर्डात कुणी विचारलं तेव्हा तुम्ही काय केलंत? "तुमच्या देवाला सांगा" असं ती मुलगी म्हणाली. "कुठला देव? हा क्रूस नुसता फॅशन म्हणून घातलाय" असं तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्ही आजींचा हात धरलात. यात नाकारणं कुठे आहे, मला तरी दिसत नाही.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, या विषयावरची अगदी कामाची सूचना आहे आणि आपल्या मंडळ्यांमध्ये तिचा अर्धाच भाग पाठ असतो. उत्तर द्यायला सदैव तयार असा, हे सगळ्यांना येतं. पण उत्तर कोणाला द्यायचं? विचारपूस करणाऱ्याला. आणि कसं? सौम्यतेने आणि भीडस्तपणाने. "भीडस्तपणा" हा शब्द मला आपल्या मराठी भाषांतरात फार आवडतो. आपण भीड हा दुर्गुण मानतो, भीड मोडायला शिकवतो. इथे मात्र श्रद्धेबद्दल बोलतानाच भीड बाळगा असं सांगितलंय. समोरच्या माणसाची भीड, त्याच्या दुःखाची भीड. तुमचा स्वभाव भिडस्त आहे हे पत्रावरून कळतंच. तो दोष समजून तुम्ही नऊ वर्षं स्वतःला टोचत आला आहात, आणि पेत्र तर तोच मागतोय.

एवढं बोलून थांबले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण तुमचं सगळं मौन भिडेचंच आहे का, हे तुम्ही एकदा स्वतःला विचारा. नऊ वर्षांत एखादी मैत्रीण, तुमच्याबरोबर डबा खाणारी, तुमच्याइतकाच पगार घेणारी, कधी म्हणाली असेल, "तू रविवारी नेमकं काय करतेस गं चर्चमध्ये?" तेव्हा "काही नाही, गाणी म्हणतो" म्हणून विषय बदलला असेल, तर ती भीड नव्हती, तो संकोच होता. मीही तसा बदललेला आहे, बरेचदा. स्टाफरूममध्ये सगळ्या जणी संकष्टीच्या उपासाबद्दल, एकविरेच्या जत्रेबद्दल मोकळेपणाने बोलायच्या आणि मी माझ्या लेंतबद्दल, ईस्टरआधीच्या उपासांबद्दल, मूग गिळून बसायची. त्यांनी मला गप्प बसवलं नव्हतं. मीच ठरवून टाकलं होतं की माझं यांना परकं वाटेल. बरोबरीच्या माणसांशी बरोबरीने बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. तिथे बोला. शुभवर्तमान सांगायचंच असं नाही, तुमच्या आयुष्यात जे आहे ते सांगा.

बरोबरीच्या माणसांशी, हे मी मुद्दाम म्हणतेय. तक्ता लावणाऱ्यांच्या लक्षात हीच गोष्ट येत नाही.

नारायण वामन टिळकांची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक साक्षीच्या शिबिरात सांगतात. 1893 च्या सुमारास रेल्वेच्या डब्यात एक अनोळखी युरोपियन भेटतो, कवितेवरून बोलणं निघतं, तो नवा करार हातात ठेवतो, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा होतो. गोष्ट खरी आहे आणि ती सांगून झाली की वक्ता विचारतो, "त्या माणसाने तोंड उघडलं नसतं तर?" बरोबर. पण त्या डब्याकडे नीट बघा. टिळक विद्वान, वादात कुणाला हार जाणारे नाहीत. पुस्तक नको म्हणून परत देता आलं असतं, खिडकीबाहेर बघत बसता आलं असतं, पुढच्या स्टेशनावर डबा बदलता आला असता. तुमचा पेशंट कॉटवरून उतरून जाऊ शकत नाही. त्याच्या हातात सलाईन आहे, पाण्याचा ग्लास तुम्ही द्यायचा, बेडपॅन तुम्ही द्यायचं, वेदनेचं इंजेक्शन तुमच्या हातात. त्याने तुमच्या बोलण्याला मान डोलावली तर ती कशाला डोलावली हे त्यालाही सांगता येणार नाही.

आणि त्याच टिळकांच्या घरातली दुसरी गोष्ट शिबिरात कमी वेळा ऐकू येते. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. जो माणूस आपल्या शब्दांनी महाराष्ट्राला हलवत होता, त्याच्या स्वतःच्या बायकोला पाच वर्षं लागली, आणि त्यातला बराच काळ ती दूर राहिली, रडली, भांडली, मग तिच्या वेळेला तिच्या पायांनी आली. पाच जणांचा तक्ता त्या घरात टांगला असता तर टिळकांच्या नावापुढची जागाही कोरीच दिसली असती.

पंडिता रमाबाईंचा प्रसंग तुमच्या वॉर्डाच्या आणखी जवळचा आहे. 11 मार्च 1889 ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. विधवा मुलींसाठीची शाळा. बाई स्वतः 1883 मध्ये ख्रिस्ती झालेल्या, पण संस्थेत धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलेलं, म्हणूनच न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळात होती. रमाबाई आपल्या खोलीत आपल्या लेकीबरोबर प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. मुली येऊन बसायला लागल्या. 1893 मध्ये बोभाटा झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले.

तरुणपणी मी पूर्णपणे रमाबाईंच्या बाजूची होते. बाईने आपल्याच खोलीत प्रार्थना करायची नाही? दार लावून घ्यायचं, लपून? मुलींना येऊ नका म्हणून हाकलायचं? आजही मला वाटतं की दार उघडं ठेवण्याचा त्यांना हक्क होता. पण माझी मुलगी बाहेरगावी होस्टेलला गेली तेव्हा मला त्या पालकांचीही बाजू कळायला लागली. ज्या बाईच्या छपराखाली मुलगी राहते, जिच्या हातचं जेवते, जिच्याशिवाय तिला जगात दुसरं कुणी नाही, त्या बाईचं उघडं दार मुलीला नुसतं दार दिसत नाही. दार उघडं होतं हे रमाबाईंचं म्हणणं खरं, आणि त्या दाराला ओढ होती ही पालकांची भीतीही खोटी नव्हती. सव्वाशेहून जास्त वर्षांनी तुमच्या इनचार्ज सिस्टरने जरा खडूस भाषेत तेच म्हटलंय. त्यांना शत्रू समजू नका.

म्हणून तुम्ही प्रार्थना केली त्या प्रसंगाबद्दल एकच बारीक प्रश्न विचारते. मुलीने विनवलं, पण आजी शुद्धीवर होत्या का? त्यांना कुणी विचारलं का? तुमच्या पत्रात मुलीचा आवाज आहे, आजींचा नाही. पुढे असं कुणी म्हणालं तर आधी पेशंटकडे वळा : "आजी, ताई म्हणतायत मी प्रार्थना करू का. तुम्हाला चालेल?" आजींनी मान हलवून नाही म्हटलं तर हसून उशी सारखी करा आणि पुढच्या कॉटकडे जा. पेशंट बेशुद्ध असेल तर त्याच्या अंगाला हात लावून काही करू नका. मुलीला म्हणा, "मी घरी गेल्यावर नक्की करीन," आणि घरी गेल्यावर खरंच करा. ती तितकीच प्रार्थना आहे.

याच्याच जोडीला एक कसोटी. शेजारच्या कॉटवरच्या माणसाचे श्वास मोजायला लागलेत आणि घरच्यांनी गंगाजळाची छोटी बाटली आणि तुळशीपान आणलंय. नळी घातली आहे, तोंडात थेंब टाकायचा की नाही त्यांना कळत नाही. तुम्ही डॉक्टरांना विचारून, ओठ ओले करण्यापुरती सोय करून देता का? मुसलमान कुटुंबाला कॉटजवळ कुराणातली यासीन वाचायची असेल तर पडदा ओढून देऊन त्यांच्यासाठी दहा मिनिटं शांतता मागता का? ज्या उत्साहाने तुम्ही आजींसाठी हात जोडलेत त्याच उत्साहाने हे करत असाल, तर तुमच्या प्रार्थनेवर बोट ठेवायला कुणाला जागा उरणार नाही. करत नसाल तर इनचार्जचं म्हणणं बरोबर ठरतं.

आता रविवारचं.

माझा सल्ला सरळ आहे : ही गोष्ट चर्चमध्ये सांगू नका. त्या आजी तुमच्या पेशंट होत्या. त्यांचं दुखणं, त्यांचं मरण, त्यांच्या मुलीने वॉर्डात टाकलेला टाहो, हे तुम्हाला नर्स म्हणून कळलं. ते तुमचं नाही. नाव न घेता सांगितलं तरी हॉस्पिटलचं नाव मंडळीत सगळ्यांना माहीत आहे, महिना माहीत आहे, आणि आजकाल उपासना मोबाइलवर थेट जाते. त्या मुलीने आईसाठी मागितलेली प्रार्थना दुसऱ्यांच्या टाळ्यांसाठी वापरली गेली असं तिला कळलं तर ती पुन्हा कुणासमोर हात जोडणार नाही.

दुसरं कारण जास्त अवघड आहे. आजी गेल्या. तुम्ही मैत्रिणीला सांगितलं तेव्हा त्या गेल्याचं सांगितलं होतं का? आणि पाळकसाहेबांपर्यंत गोष्ट पोचली तेव्हा ते शेवटचं वाक्य तिच्यात उरलं होतं का? साक्षीच्या वेळी उभं राहणाऱ्यांना मी जन्मभर ऐकत आले आहे. आजारी बरे होतात, नोकऱ्या लागतात, कर्ज फिटतं. तिसऱ्या दिवशी पेशंट गेली, असं सांगून खाली बसलेलं कुणी मी पाहिलेलं नाही. तुम्ही उभ्या राहिलात तर गोष्टीचा शेवट गुळगुळीत करायचा मोह होईल, "पण त्यांना शांती मिळाली" वगैरे. मिळाली का? तुम्हाला माहीत आहे का? योहानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध मला म्हणूनच आवडतो. येशूने त्याला दृष्टी दिली म्हणून परूशी, म्हणजे तिथले कडवे धर्मपंडित, त्याला खोदून खोदून विचारतात, हा येशू पापी आहे की नाही सांग. तो म्हणतो, ते मला माहीत नाही. मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढंच मला माहीत आहे. जेवढं माहीत आहे तेवढंच. पलीकडे एक शब्द नाही.

पाळकसाहेबांना भेटून सांगा, फोनवर नको : "साहेब, ती माझ्या पेशंटची खासगी गोष्ट आहे, ती मी सांगू शकत नाही. नर्सच्या नोकरीतला हा नियमही आहे आणि मला तो पटतोही." त्यांनी तक्त्याचा विषय काढला तर म्हणा, "माझं नाव तक्त्यातून काढलंत तर बरं होईल." नम्रपणे, पण एकदाच म्हणा, समजावत बसू नका. बहुतेक पाळक मनाने चांगले असतात, फक्त वरून आकडे मागितले की त्यांनाही आकडे दाखवावे लागतात. ते रागावले तर भगिनी मंडळातल्या एखाद्या वयस्कर बाईला बरोबर घ्या. आपल्या मंडळ्यांमध्ये पाळकांना गप्प करणाऱ्या म्हाताऱ्या अजून शिल्लक आहेत.

तुमचे पती म्हणतात नोकरी सांभाळ. त्यांचं भय समजण्यासारखं आहे. कायद्याचं थोडक्यात सांगते. आपल्या राज्यघटनेच्या कलम 25 ने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं, दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा त्यातला हक्क नव्हे. धर्मांतराबाबत राज्याराज्यांचे वेगळे कायदेही आहेत, तुम्ही राहता तिथला कुणा वकिलाकडून समजून घ्या. पण हॉस्पिटलला आपल्या वॉर्डासाठी नियम करता येतात, आणि पेशंटपाशी धार्मिक काही बोलायचं नाही असा नियम असेल तर ड्युटीवर तो पाळा. लेखी नियम मागा, तोंडी धाकावर राहू नका.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही पण पुष्कळ जण मनात बाळगून असतात. बोलून साक्ष देता येत नाही तर वागून देऊ, पेशंटशी इतकं चांगलं वागू की त्यांनीच विचारलं पाहिजे तुम्ही अशा कशा. ऐकायला छान आहे. पण यात एक गळ लपलेला असतो.

मी 31 वर्षं मराठी शाळेत शिकवलं. नाताळच्या आधी वर्गाला करंज्या आणि शंकरपाळे न्यायची, आणि प्रत्येक पुडीत वचनाचं एक छोटं कार्ड घालायची. मला वाटायचं, किती हुशारीने केलंय. एक वर्षी एका मुलीची आई शाळा सुटल्यावर आली. साधी बाई, मार्केट यार्डात भाजी विकायची. कार्ड माझ्या हातात परत ठेवून म्हणाली, "बाई, करंजी लई गोड होती. पण ह्यो कागद ठेवला तर मला वाटंल करंजी त्याच्यासाठीच होती." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी घरी येऊन उरलेली कार्डं कपाटात टाकली आणि त्या वर्षापासून नुसत्या करंज्या नेल्या. नंतर दोन-चार मुलींनी नाताळ म्हणजे काय असं विचारलं. विचारलं तेव्हा सांगितलं.

शिवाय तुमच्या वॉर्डात पेशंटचे पाय चेपणाऱ्या मावशी रोज सकाळी गणपतीला फूल वाहून येत असतील, आणि त्या तुमच्याहून प्रेमळ असतील. दया ही काही आपल्या मंडळीची मक्तेदारी नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात उजव्या हाताच्या लोकांना राजा म्हणतो, मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या भेटीला आलात. ते गोंधळून जातात : प्रभो, कधी? त्यांना पत्ताच नाही. ज्यांना आपण साक्ष देतोय याचं भान होतं असे लोक त्या रांगेत दिसत नाहीत.

तर आता ती ओळ. "रात्रीचे चार्ट पहाटे एकदमच भरावे लागतात, सगळेच भरतात."

माझी धाकटी बहीण नर्स होती, 32 वर्षं. आता ती नाही. तिच्याकडून मला कळलेलं असं की सकाळी राउंडला येणारा डॉक्टर आधी चार्टवर नजर टाकतो, मग पेशंटवर. रात्री दोनला ताप 98.4, नाडी 82, ब्लड प्रेशर 120 बाय 80, खाली सही. हे आकडे त्या वेळी कुणी घेतलेच नसतील आणि खरं तर दोनच्या सुमाराला नाडी वाढायला आणि प्रेशर उतरायला लागलं असेल, तर पहाटेचा डॉक्टर एका न घडलेल्या शांत रात्रीवर भरवसा ठेवून औषधं लिहितो. दर दोन तासांनी कूस बदलली म्हणून खुणा केलेल्या असतात आणि माकडहाडाशी कातडी लाल झालेली असते. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

आता मला सांगा, साक्ष म्हणजे काय? मी इथे होते, मी हे पाहिलं, या वेळी पाहिलं, आणि त्याखाली माझी सही. तुमचा चार्ट अक्षरशः तेच आहे. नऊ वर्षं मी कुणाला साक्ष दिली नाही म्हणून तुम्ही रडता, आणि प्रत्येक नाइटला तुम्ही 28 माणसांबद्दल साक्ष लिहिता. आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा आपल्या प्रोटेस्टंट मोजणीत नववी आहे, वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिकांच्या मोजणीत आठवी. नंबर कुठलाही घ्या, शेजारी तो तिथे कॉटवर झोपलाय.

रागावू नका. मी तुम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाहीये. दोघींवर 28 पेशंट हा तुमचा गुन्हा नाही, ती कमी माणसं ठेवून पैसे वाचवणाऱ्या व्यवस्थेची चूक आहे. एका रात्रीत प्रत्येकाचं सगळं वेळेवर घेणं दोन हातांना जमणार नाही हे उघड आहे. पण न जमणं वेगळं आणि जमलं असं लिहिणं वेगळं. जे घेतलं ते घ्याल त्या वेळेसह लिहा. दोनचं साडेतीनला घेतलं तर साडेतीन लिहा. जे राहिलं ते कोरं ठेवा आणि सकाळच्या नर्सला ओव्हर देताना सांगा, "अकरा नंबरचं दोनचं राहिलं, सहाला घेतलंय." नंतर आठवून लिहिलं तर लेट एंट्री म्हणून लिहा. दुसरीच्या नावाची सही कधीच करू नका. सगळ्यात नाजूक चार-पाच पेशंट रात्रीच्या सुरुवातीला ठरवा आणि निदान त्यांचं तरी घड्याळाप्रमाणे होऊ द्या; बहीण तसंच करायची.

पहिल्या आठवड्यात तुमच्या चार्टवर कोऱ्या जागा दिसतील आणि बाकीच्यांच्या भरलेल्या. इनचार्ज विचारतील. तेव्हा त्यांना लेखी द्या : इतके पेशंट, इतक्या नर्स, इतकं होतं, इतकं राहतं. येशूचं नाव घ्यायची गरज नाही. हे प्रार्थनेपेक्षा जास्त महागात पडू शकतं, हे मी लपवत नाही. सहकारी म्हणतील, हिला पुढेपुढे करायचंय. कुणाच्या चार्टकडे बोट दाखवू नका, फक्त तुमच्यापुरतं बदला. बरोबरची जोडीदार रागावली तर तिला आधी चहाला बोलावून सांगा, तुझ्यावर येणार नाही असं लिहीन. घरी पतींशी आधी बोला, कारण नोकरीची भीती तुम्हा दोघांची आहे. आणि हे सगळं एकदम एका रात्रीत जमलं नाही तर त्यातही खोटं लिहू नका, एवढंच.

या पत्राबरोबर याच धर्तीची आणखी दोन आलीत, त्यांनाही इथेच दोन शब्द. पतपेढीत काम करणारे एक बंधू विचारतात, ऑफिसच्या सत्यनारायणाला वर्गणी द्यावी का, प्रसाद घ्यावा का. द्यायची नसेल तर सरळ सांगा आणि त्या दिवशी रजा टाकून पळू नका, खुर्च्या लावायला थांबा. प्रसादाबद्दल पौलाने करिंथकरांना लिहिलेलं वाचा आणि आपल्या विवेकाला विचारा. दोन्ही उत्तरं देणारे भले ख्रिस्ती मी पाहिलेत. पण ज्या कर्जाच्या फाइलवर तारण न बघता "पाहणी केली" असं लिहून सही करता, तिच्याबद्दल तुम्ही मला काहीच विचारलेलं नाही. दुसऱ्या पत्रातली कॉलेजची मुलगी म्हणते, मैत्रिणी तिला "मिशनरी" म्हणून चिडवतात. चिडवू दे बाळ, पण त्यांच्या ग्रुपवर रोज सकाळी वचन टाकत असशील तर आठवडाभर थांबून बघ, कुणी चुकल्यासारखं विचारतं का.

भगिनी, तुमच्या आजी मिशनच्या दवाखान्यात आया होत्या असं तुम्ही लिहिलंय. मिरजेचं वॉनलेस असो, नगरचं बूथ असो, त्या दवाखान्यांत पेशंटच्या उशाशी वचनं वाचली जायची हे खरं आहे, आणि ते तेव्हाही सगळ्यांना आवडत नव्हतं. पण तुमच्या आजींनी ज्यांचे कपडे धुतले त्यांना आज काय आठवत असेल, हे एकदा गावाकडच्या जुन्या माणसांना विचारून बघा. मला उत्तर कळवाल तर आवडेल.

पाळकसाहेबांकडे शनिवारी जा, रविवारी सकाळी दारात गाठू नका. आणि मंगळवारपासून तुमची नाइट आहे असं तुम्ही लिहिलंय. सेकंदकाट्याचं घड्याळ बरोबर घ्या, दोनच्या राउंडला त्यात बघा, आणि जे दिसेल ते लिहा.

तुमची,
सदरलेखिका